दाराला कुलूप आहे म्हणून नाव वगळू नका

प्रति,
मा. मुख्य निवडणूक अधिकारी, महाराष्ट्र राज्य,
तसेच मा. जिल्हाधिकारी तथा जिल्हा निवडणूक अधिकारी, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग

विषय : कोकण किनाऱ्यावरील गावांत मतदार यादीच्या पडताळणीचा काळ आणि नावे वगळण्याची रीत

महोदय, महोदया,

मतदार यादी शुद्ध असावी याबद्दल कोणाचेच दुमत नसावे. मयत माणसाचे नाव यादीत राहू नये, एका माणसाचे नाव दोन ठिकाणी असू नये आणि ज्याचा गावाशी काहीच संबंध उरलेला नाही त्याने गावाचा कारभार ठरवू नये, हे मलाही मान्य आहे. प्रश्न आहे तो शुद्धीकरणाच्या ओघात जी माणसे यादीबाहेर पडतात त्यांचा. बंद घर दिसले की तिथला मतदार निघून गेला असे धरण्याची सवय यंत्रणेला लागली, तर या किनाऱ्यावर नेमकी तीच माणसे मताला मुकतील ज्यांचे पोट गावाबाहेर भरते पण घर गावातच आहे. हे पत्र तेवढ्याच मुद्द्यावर आहे.

कोकणातली घरे बंद का असतात, हे आपल्याला सांगण्याची गरज नाही. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, ती २०११ च्या जनगणनेत १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. रत्नागिरीत त्या वर्षी दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया मोजल्या गेल्या. हे आकडे मुलींच्या जन्माचे नसून पुरुषांच्या गैरहजेरीचे आहेत, एवढे इथल्या कोणालाही कळते. मात्र ही गैरहजेरी सगळी एकाच प्रकारची नाही. कोणी तीस वर्षे नालासोपाऱ्यात बिऱ्हाड करून आहे, कोणी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातो आणि मृगाआधी परततो, कोणी आठ-दहा दिवस समुद्रात असतो, कोणी कुवेतहून दोन वर्षांनी एकदा येतो. यादीच्या रकान्यात मात्र या सगळ्यांसाठी एकच शब्द आहे : स्थलांतरित.

हा शब्द नावापुढे कसा लागतो, ते मी प्राथमिक शिक्षक असताना हे काम करून जवळून पाहिले आहे. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे आपण सगळे ज्याला बीएलओ म्हणतो तो, बहुधा शाळेतला शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका असते. शाळा सुटल्यावर यादी पिशवीत घालून वाडीत जायचे, दगडी पायऱ्यांची पाखाडी चढायची, दगडी कुंपणाच्या, म्हणजे गडग्याच्या कडेने एकेक घर घ्यायचे. वाडीतल्या निम्म्या घरांच्या ओटीवर धूळ असते, दाराला कुलूप असते आणि कुलपावर पावसाळ्याचा गंज असतो. मग शेजारच्या घरातल्या म्हातारीला विचारायचे. ती सरळ खरे सांगते : "ते मुंबयला हायत, गनपतीला येतील." या वाक्याचा पूर्वार्ध तेवढा रकान्यात बसतो. उत्तरार्ध लिहायला कागदावर जागाच नसते. बीएलओच्या मनात खोट नसते, म्हातारीच्या मनात तर नसतेच. आणि तरीही त्या दोघांच्या संभाषणातून एका माणसाचे नाव वगळण्याच्या वाटेला लागलेले असते.

कायदा या बाबतीत आपल्या सवयीपेक्षा अधिक समजूतदार आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम १६ मध्ये मतदार नोंदणीसाठी अपात्र ठरण्याची कारणे तीनच दिली आहेत : भारताचा नागरिक नसणे, सक्षम न्यायालयाने मनोविकल ठरवणे, आणि निवडणुकीतील भ्रष्टाचार किंवा गुन्ह्यांच्या कायद्याखाली मतदानास अपात्र ठरणे. राहण्याच्या जागेचा प्रश्न येतो तो कलम १९ आणि २० मध्ये. केवळ घर मालकीचे आहे एवढ्यावरून कोणी तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही, असे कलम २० च्या सुरुवातीलाच म्हटले आहे. हे वाक्य आम्हा कोकणवासीयांच्या गैरसोयीचे आहे म्हणून मी ते आधी सांगतो. पण त्याच कलमात लगेच पुढे पोटकलम (१क) आहे, आणि त्याप्रमाणे आपल्या राहत्या ठिकाणाहून तात्पुरता बाहेर गेलेला माणूस केवळ बाहेर गेल्यामुळे तिथला रहिवासी असण्याचे थांबत नाही. कलम २२ चे परंतुक तर स्पष्टच आहे : रहिवासी राहिला नाही या कारणावरून नाव वगळण्यापूर्वी मतदार नोंदणी अधिकाऱ्याने त्या व्यक्तीला आपले म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिली पाहिजे. १९९५ साली लालबाबू हुसेन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच अधिक ठामपणे सांगितले की, ज्याचे नाव आधीच यादीत आहे त्याच्या बाजूने गृहीतक असते आणि ते चुकीचे आहे हे दाखवण्याचा भार नाव काढू पाहणाऱ्यावर असतो.

आता ही वाजवी संधी गावात कशी दिली जाते ते पाहा. नोटीस निघते ती यादीतल्या पत्त्यावर. म्हणजे ज्या दाराला कुलूप आहे म्हणून संशय आला, त्याच दाराला नोटीस चिकटवली जाते आणि ठरल्या तारखेला माणूस हजर राहिला नाही म्हणून संशय खरा ठरतो. आदेशाविरुद्ध जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अपील करता येते, पण त्याची मुदत पंधरा दिवसांची आहे आणि आपले नाव वगळले गेले हे त्या माणसाला कळते ते पुढच्या मतदानाच्या दिवशी, शाळेच्या व्हरांड्यात रांग लावून आत गेल्यावर. हातात मतदार ओळखपत्र आहे, त्याच खोलीत पोलिंग एजंट म्हणून गावातलाच भाऊबंद बसला आहे, समोरचा केंद्राध्यक्ष कदाचित त्याचाच जुना मास्तर आहे, आणि तरी काही करता येत नाही. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की कलम २३ (३) प्रमाणे त्या निवडणुकीपुरते यादीत नाव घालता येत नाही, आणि यादीत नाव नसेल तर १९५१ च्या अधिनियमाच्या कलम ६२ प्रमाणे मत देता येत नाही. आपल्या नावावर दुसराच कोणी मत देऊन गेला असेल तर निदान प्रदत्त मताची, म्हणजे वेगळ्या मतपत्रिकेवर मत नोंदवून ठेवण्याची, सोय आहे. नावच नसलेल्यासाठी तीही नाही.

चाकरमान्यांबद्दल, म्हणजे नोकरीसाठी मुंबईकडे गेलेल्या गावकऱ्यांबद्दल, मी भीड न ठेवता लिहितो. ज्याची मुले विरारच्या शाळेत आहेत, ज्याचे रेशनकार्ड आणि गॅसचे पुस्तक तिथले आहे, ज्याच्या घरासमोरचे गटार तिथली महापालिका साफ करते किंवा करत नाही, त्याने मत तिथेच द्यावे. गावच्या देवळाच्या मानपानात त्याचा वाटा असेल. ग्रामपंचायतीच्या पाणीपट्टीवर मत देण्याचा हक्क त्यातून निघत नाही. दोन्हीकडे नाव ठेवणे हे कलम १७ आणि १८ च्या विरुद्ध आहे, आणि अर्जात जाणूनबुजून खोटे निवेदन करणे हा कलम ३१ खाली गुन्हा आहे. २०२४ च्या लोकसभेला रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात ७ मे रोजी मतदान झाले आणि मुंबईत २० मे रोजी. अशा अंतरामुळे दुबार नावांबद्दल संशय घेणाऱ्यांना जागा मिळते, हेही खरे आहे. परंतु दोन नावांपैकी कोणते ठेवायचे, हे त्या माणसाला विचारून ठरले पाहिजे. त्याने नमुना ८, म्हणजे पत्ता बदलण्याचा अर्ज, भरला तर जुने नाव जाऊन नवे एकाच वेळी लागते. त्याऐवजी गावातले नाव आधी कापले गेले आणि शहरातले कधी लागलेच नव्हते, तर तो कुठलाच मतदार राहत नाही. भाड्याच्या खोल्या दर अकरा महिन्यांनी बदलणाऱ्या किती तरुणांचे असे होते, ते मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांच्या बैठकीला बसल्यास आपल्याला ऐकायला मिळेल. राज्य निवडणूक आयोगाने २०२५ च्या स्थानिक निवडणुकांच्या वेळी संभाव्य दुबार मतदारांच्या नावापुढे दोन तारांकने लावून, ते कुठे मत देणार याचे निवेदन घेण्याची रीत अवलंबली. त्या रीतीबद्दल इतर आक्षेप असतील, पण तिच्यात एक शहाणपण निश्चित होते : नाव कापण्याआधी माणसाला विचारा.

चाकरमान्याला निदान बोलता येते. त्याचे मंडळ असते, व्हॉट्सअॅपचा गट असतो, पुढाऱ्यांना त्याची गरज असते. मतदानाला त्याला गावी आणायला गाड्या सुटतात. ज्यांच्यासाठी गाडी सुटत नाही त्यांच्याबद्दल मला अधिक लिहायचे आहे.

रायगडात आणि रत्नागिरीच्या उत्तरेकडच्या तालुक्यांत कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. महाराष्ट्रात विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून ज्या तीन जमाती नोंदलेल्या आहेत त्यांपैकी ही एक. इतर दोन कोलाम आणि माडिया गोंड. वाडी बहुधा दुसऱ्याच्या जमिनीवर असते. सातबारा नाही, कित्येकांकडे घरपट्टीची पावती नाही, जातीचा दाखला काढायचा तर आजोबाच्या नावाचा कागद कुठून आणायचा हा प्रश्न. दिवाळी झाली की भट्टीमालकाचा माणूस येतो, बयाणा देतो आणि नवरा, बायको, पोरे, कोंबड्या, भांडी असे सगळे बिऱ्हाड टेम्पोत चढते. वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर, कधी घाट ओलांडून लांब. पावसाच्या तोंडाला ते परततात आणि झोपडी पुन्हा शाकारतात. या काळात वाडीत मागे राहतात ती दोनचार म्हातारी माणसे. २०१४ आणि २०१९ च्या लोकसभेचे मतदान इथे एप्रिलमध्ये झाले, २०२४ चे मे महिन्यात. तिन्ही वेळा वाडी रिकामी होती. मतदान हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात आणि पडताळणीही त्याच काळात, असे जमले की कातकरी आधी मताच्या दिवशी गैरहजर ठरतो आणि मग यादीतूनच गैरहजर होतो. त्यातच एका वाडीत एकाच नावाची, एकाच आडनावाची, अंदाजे वय लिहिलेली तीन-तीन माणसे असतात. संगणकाने सारख्या दिसणाऱ्या नोंदी जुळवायला घेतल्या की त्यांतली दोन दुबार म्हणून पुढे येतात आणि त्यांच्या बाजूने सांगायला वाडीत कोणी नसते.

इथे भारत निवडणूक आयोगाचीच एक चांगली रीत आठवून द्यावीशी वाटते. बेघर माणसाने नोंदणीचा अर्ज केला तर त्याच्याकडे राहण्याच्या पुराव्याचा कागद मागू नये, तो सांगतो त्या जागी बीएलओने रात्री जाऊन तो तिथे झोपतो की नाही हे पाहावे, अशी सोय आयोगाने केली आहे. फुटपाथवर झोपणाऱ्याचा हक्क ओळखणाऱ्या यंत्रणेला सहा महिने भट्टीवर आणि सहा महिने वाडीत झोपणाऱ्याचा हक्क ओळखणे कठीण जाऊ नये. फक्त त्याला पाहायला पावसाळ्यात गेले पाहिजे.

खलाशांचे दुखणे वेगळे आहे. त्यांचे नाव यादीत असते, मतदानाचा दिवस तेवढा समुद्रात जातो. हर्णै बंदरात संध्याकाळी वाळूवर मासळीचा लिलाव चालतो तेव्हा तिथे उभे राहून पाहिले तर परतलेल्या नौकांइतक्याच नौका बर्फ आणि डिझेल भरून बाहेर पडायच्या तयारीत दिसतात. मोठी नौका एकदा गेली की आठ-दहा दिवस फिरकत नाही. तांडेलाच्या, म्हणजे नौकेच्या म्होरक्याच्या, मनात असले तरी पंधरा माणसांच्या मतासाठी अर्धी फेरी टाकून परत फिरणे मालकाला परवडत नाही. १९५१ च्या अधिनियमात कलम १३५ख आहे, त्याप्रमाणे मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यावी लागते. परंतु ज्याच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठे नुकसान संभवते त्याला ही तरतूद लागू नाही, असा अपवादही त्याच कलमात आहे, आणि नौकेचे काम त्या अपवादात ओढून बसवणे सोपे आहे. राज्याच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हा यांत्रिक नौकांसाठी बंदीचा काळ असतो. वर सांगितलेल्या तीन लोकसभा निवडणुका आणि १५ ऑक्टोबर २०१४, २१ ऑक्टोबर २०१९, २० नोव्हेंबर २०२४ या विधानसभेच्या मतदानाच्या तारखा, सहाच्या सहा भर हंगामातल्या आहेत. नौदलातल्या सैनिकाला टपाली मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवली जाते. ८५ वर्षांवरील वृद्धांना आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना घरी मत देता येते. मासेमारी नौकेवरच्या खलाशासाठी यांतले काहीच नाही. कलम ६० (ग) प्रमाणे शासनाशी विचारविनिमय करून एखाद्या वर्गाला टपाली मतदानासाठी अधिसूचित करण्याचा अधिकार आयोगाला आहे, म्हणजे त्यासाठी संसदेत नवा कायदा करावा लागत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये आयोगाने स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना जाहीर केला होता, एका केंद्रावरून ७२ मतदारसंघांचे मतदान घेता येईल असा. तो राजकीय पक्षांच्या विरोधात अडकला आणि त्या विरोधातले काही आक्षेप रास्तही होते. खलाशासाठी इतक्या मोठ्या यंत्राची गरज नाही. तो त्याच मतदारसंघातला आहे, त्याच बंदरातून निघतो, निघणाऱ्या-परतणाऱ्या नौकांची नोंद बंदरावर ठेवलीच जाते. मतदानाआधीच्या आठवड्यात बंदरावरच टपाली मत देण्याची सोय झाली तरी पुष्कळ होईल.

आखातात गेलेल्यांबद्दल थोडक्यात. दाभोळ, बाणकोट, हर्णै, केळशी या पट्ट्यातल्या मुस्लिम मोहल्ल्यांत घरटी एखादा माणूस परदेशी नोकरीत आहे. २०१० च्या दुरुस्तीने कलम २०क आले आणि त्यांना पासपोर्टवरच्या पत्त्यावर नोंदणीचा हक्क मिळाला, पण मत द्यायला पासपोर्ट घेऊन स्वतः यावे लागते. तिकिटाचा खर्च बघता येणारे थोडेच, हे उघड आहे. निदान त्यांच्या मागे राहिलेल्या बायकामाणसांची नावे उर्दू, मराठी आणि इंग्रजी कागदांतल्या स्पेलिंगच्या फरकापायी संशयित ठरू नयेत.

बायकांचा विषय याहून मोठा आहे. ज्या जिल्ह्यात पुरुष बाहेर असतात तिथे गावात राहणारा मतदार म्हणजे मुख्यतः स्त्री. महाराष्ट्रात मतदार याद्यांचे मागचे सखोल पुनरीक्षण २००२ साली झाले. विशेष सखोल पुनरीक्षणात, म्हणजे घरोघरी जाऊन यादी नव्याने तपासण्याच्या मोहिमेत, जुन्या यादीशी दुवा जुळवायचा असतो : स्वतःचे नाव त्या यादीत असले पाहिजे, नाहीतर आईवडिलांचे तरी. पुरुषाचा दुवा त्याच गावात, बहुधा त्याच पानावर सापडतो. स्त्रीचा दुवा माहेरी असतो, दुसऱ्या तालुक्यात, कधी दुसऱ्या जिल्ह्यात. आणि आपल्याकडे लग्नात नुसते आडनाव बदलत नाही. ताम्हनातल्या तांदळावर अंगठीने नवे नाव लिहून मुलीचे पहिले नावही बदलतात. २००२ च्या यादीत माहेरच्या पानावर असलेली सुनंदा आज सासरच्या यादीत शुभांगी म्हणून आहे, मधल्या नावाच्या जागी वडील जाऊन नवरा आला आहे, आणि या दोघी एकच आहेत याचा दाखला तिच्याकडे बहुधा नाही, कारण तो कोणी कधी मागितला नव्हता. तिने तो शोधायला माहेरच्या तहसील कचेरीत खेटे घालावेत अशी अपेक्षा ठेवायची, की दोन बीएलओंनी आपसात फोनवर खात्री करावी? माझ्या मते काम यंत्रणेचे आहे, कारण दोन्ही याद्या यंत्रणेकडे आहेत.

मी हे सगळे काल्पनिक भीतीपोटी लिहीत नाही. २०२५ साली बिहारमध्ये अशा पुनरीक्षणाची प्रारूप यादी निघाली तेव्हा आधीच्या ७.८९ कोटी मतदारांपैकी सुमारे ६५ लाख नावे तीत नव्हती. आयोगाने दिलेल्या हिशेबात मयत सुमारे २२ लाख आणि एकाहून अधिक ठिकाणी नोंदलेले सुमारे ७ लाख होते. उरलेले सुमारे ३६ लाख, म्हणजे निम्म्याहून अधिक, कायमचे स्थलांतरित किंवा न सापडलेले या सदरातले होते. बिहार हे बाहेरगावी कामाला जाणाऱ्यांचे राज्य आहे, हे लक्षात घेतले म्हणजे हा आकडा काय सांगतो ते समजते. त्यांतले किती खरोखर कायमचे गेले होते आणि किती छठपूजेला घरी येणारे होते, हे घरोघरी विचारल्याशिवाय कळणार नव्हते. १४ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वगळलेल्या प्रत्येक नावाची यादी कारणासह प्रसिद्ध करण्यास सांगितले, तेव्हा कुठे लोकांना आपले नाव कशासाठी गेले ते पाहता आले. जे तिथे न्यायालयाच्या आदेशाने करावे लागले ते इथे आधीच करण्यास काही अडचण नसावी.

एक जुनी गोष्टही आपल्या नजरेस आणतो. निवडणूक आयोग हा राज्यांच्या हाती न देता देशासाठी एक स्वतंत्र आयोग असावा, हे संविधान सभेत जून १९४९ मध्ये ठरले. त्या वेळी डॉ. आंबेडकरांनी दिलेले कारण आज वाचले की चकित व्हायला होते. काही प्रांतांत वंशाने, संस्कृतीने किंवा भाषेने वेगळ्या असलेल्या लोकांची नावे यादीत येऊ नयेत अशी व्यवस्था होत असल्याच्या तक्रारी मसुदा समितीकडे आल्या होत्या. स्थानिक सरकारच्या पूर्वग्रहामुळे किंवा एखाद्या अधिकाऱ्याच्या लहरीमुळे पात्र माणूस यादीबाहेर राहू नये, यासाठी हा आयोग हवा, असे त्यांनी सांगितले. म्हणजे नावे चुकीने वगळली जाऊ नयेत हे आयोगाच्या जन्माचेच एक कारण आहे. ज्यांनी हे सांगितले त्यांचे मूळ गाव आंबडवे माझ्या शेजारच्या मंडणगड तालुक्यात आहे, आणि त्यांच्या वडिलांचा जन्मही नोकरीपायी गावाबाहेर राहण्यात गेला. त्या काळी मत असायला सारा भरणारी जमीन किंवा तसली काही मिळकत लागे आणि खोताच्या जमिनीत राबणाऱ्या कुळाला त्या यादीत सहसा जागा नसे. ती अट घटनेच्या कलम ३२६ ने गेली. घर उघडे असण्याची अट तिच्या जागी येऊ नये.

म्हणून माझ्या विनंत्या अशा आहेत. घरोघरी पडताळणीचे वेळापत्रक दिल्लीहून ठरते हे मी जाणतो, परंतु त्यात राज्याचे आणि जिल्ह्याचे म्हणणे विचारले जाते. ते विचारले जाईल तेव्हा मच्छीमार गावांसाठी जून-जुलै, कातकरी वाड्यांसाठी जून ते सप्टेंबर आणि चाकरमान्यांच्या गावांसाठी गौरी-गणपतीचा आठवडा धरावा, असे आपण लेखी कळवावे. गणपती बीएलओच्या घरीही असतात, त्यामुळे त्या आठवड्यात काम करणाऱ्यास बदली रजा आणि मानधन दोन्ही मिळावे, नाहीतर ही सूचना मास्तरांच्याच डोक्यावर बसेल. वेळापत्रक हलवणे शक्यच नसेल, तर बंद घराच्या नोंदीत निदान एक रकाना वाढवावा : केव्हा परततात. शेजाऱ्याने महिना सांगितला तर त्या महिन्यात पुन्हा भेट दिल्याशिवाय ते नाव स्थलांतरित म्हणून पुढे पाठवू नये.

नोटीस कुलपाला लावून थांबू नये. गावाच्या मुंबईतल्या मंडळाकडे सगळ्या घरांचे फोन नंबर असतात; सरपंच, पोलीस पाटील आणि मंडळ या तिघांकडे वगळण्यासाठी सुचवलेल्या नावांची यादी कारणासह द्यावी, ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचावी. कातकरी वाडीसाठी ग्रामसभा पुरत नाही, कारण तिथले लोक तिथे क्वचित येतात आणि आले तरी दाराशी उभे राहतात. त्यांची यादी वाडीतच जाऊन वाचावी. वीटभट्ट्या ज्या तालुक्यांत आहेत तिथल्या तहसीलदारांनी भट्टीवरच्या मजुरांची गावे लिहून घेऊन त्या त्या मतदार नोंदणी अधिकाऱ्याला कळवावीत आणि मतदानाच्या दिवसाची सुट्टी भट्टीमालकांनाही लागू आहे हे त्यांना लेखी बजावावे. खलाशांच्या टपाली मतदानाचा प्रस्ताव राज्याकडून आयोगाकडे जावा.

नमुना ७ बद्दलही काळजी घ्यावी लागेल. कोणाचे नाव वगळावे अशी हरकत घेण्याचा हक्क त्या मतदारसंघातल्या मतदाराला आहे आणि तो असावाच. परंतु एकाच हस्ताक्षरात, एकाच छापाचे कारण देऊन, एका वाडीतल्या किंवा एका मोहल्ल्यातल्या नावांवर हरकतींचा गठ्ठा येतो तेव्हा तो गठ्ठा म्हणूनच तपासला पाहिजे. हरकत घेणाऱ्याला समोर बोलवावे, त्याने त्या माणसाला शेवटचे कधी पाहिले ते विचारावे, आणि निवेदन खोटे निघाले तर कलम ३१ त्यालाही लागू आहे याची समज द्यावी. गावकीच्या भांडणात वाळीत टाकण्याची जुनी खोड आमच्याकडे अजून पुरती गेलेली नाही. तिला यादीचे हत्यार मिळू नये.

या पत्राचे उत्तर मला व्यक्तिशः मिळाले नाही तरी चालेल. पडताळणीच्या तारखा, बंद घरांबाबत बीएलओंना दिलेल्या सूचना आणि वगळण्यासाठी सुचवलेली नावे कुठे पाहायला मिळतील याची माहिती मराठीत छापून प्रत्येक ग्रामपंचायतीच्या, प्रत्येक बंदराच्या आणि मुंबईतील प्रत्येक ग्रामस्थ मंडळाच्या फलकावर पोचावी, आणि ती निदान पहिल्या भेटीच्या महिनाभर आधी पोचावी, एवढे आपण पाहावे.

आपला,
दापोली तालुक्यातील एक निवृत्त प्राथमिक शिक्षक